मांजरांची वेगळी चूल

दोन मांजरे भांडू लागली की घरातील माणसे लगेच न्यायाधीश होतात. कोणी मोठीला दटावतो, कोणी धाकट्याला उचलून घेतो, कोणी दोघांना एकाच ताटलीपुढे बसवून मैत्री जुळवू पाहतो. लोण्याच्या गोळ्यावरून भांडणारी दोन मांजरे आणि तराजू धरणारे माकड ही गोष्ट प्रत्येकाने बालपणी ऐकलेली असते. तरी तराजू हाती घेण्याचा मोह सुटत नाही.

पाळीव मांजराचा पूर्वज आफ्रिकेतील रानमांजर. एकट्याने शिकार करावी, आपली हद्द राखावी, असा त्याचा जीवनक्रम. त्यामुळे भांडणानंतर समेट करण्याची रीत मांजरांत फारशी आढळत नाही. एकमेकांना टाळणे हाच त्यांचा तह. बंद घरात टाळायला जागा उरली नाही, की तह मोडतो.

सांगलीतील एका हळद व्यापाऱ्याच्या कुटुंबाला हे फार उशिरा कळले असते. पेढीच्या माडीवर त्यांचे राहणे. मनी सात वर्षांची, सोन्या चारचा. दोघांची नसबंदी वेळेवर झालेली, दोघे एकाच गादीवर झोपणारे. एका संध्याकाळी गॅलरीच्या कठड्यावर बाहेरचा बोका येऊन बसला. मनी जाळीआडून गुरगुरत राहिली, पण पलीकडे जाता येईना. तेवढ्यात सोन्या मागून आला आणि तिने त्याच्यावरच झडप घातली. गिऱ्हाइकावरचा राग घरी येऊन मुलावर काढावा, तसाच हा प्रकार. असा क्षोभ कधी तासन्‌तास, क्वचित एक-दोन दिवसही उतरत नाही. थोरल्या मुलाने मध्ये हात घातला आणि चावा घेतला गेला. मांजराचा सुळा बारीक व लांब असतो; जखम वरून टिकलीएवढी दिसली तरी आत खोल जाते. साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली हात धरणे आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांकडे जाणे हे त्यांनी केले, हे बरे झाले. अशा वेळी हाताऐवजी मध्ये पुठ्ठा किंवा उशी सरकवावी.

पुढील आठवड्यात आरडाओरडा थांबला. घराला वाटले, मिटले. वास्तविक मनी आता बोळाच्या उंबऱ्यावर नुसती बसून असे आणि सोन्याकडे एकटक पाही. त्याची रेतीची ट्रे बोळाच्या टोकाला होती. तिथे जाता न आल्याने त्याने जुन्या चोपड्यांच्या गाठोड्यावर लघवी केली, तीही दोनदा. बाबूजी संतापले. सोन्याला पोत्यात घालून मार्केट यार्डात सोडावे, तिथे उंदरांना तोटा नाही, असा निकाल त्यांनी दिला. अडवणारी निवांत बसलेली आणि अडवला गेलेला आरोपी! मांजरांच्या भांडणात असा अन्याय नेहमीच घडतो, कारण ओरखडा दिसतो, रोखलेली नजर दिसत नाही.

सूनबाईंनी महिनाभराची मुदत मागितली. प्रथम दोघांना पशुवैद्याकडे नेले. दात वा सांधे दुखत असले तरी मांजर अकस्मात चिडखोर होते. आणि बोका नको तिथे लघवी करत असेल, कुंथत असेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो, ते जिवावर बेतते. सुदैवाने तसे काही निघाले नाही.

मग वाटणी झाली. मनी एका खोलीत, सोन्या दुसऱ्या. ताटल्या, पाणी, अंथरूण सारे स्वतंत्र. ट्रे तीन झाल्या, मांजरांपेक्षा एक जास्त, आणि त्या तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी. शेजारी-शेजारी ठेवलेल्या तीन ट्रे मांजराच्या हिशेबी एकच. गॅलरीच्या दाराची खालची काच कागदाने झाकली. एकीच्या गालांवरून फिरवलेला रुमाल दुसऱ्याच्या अंथरुणावर ठेवला जाई, कारण मांजराची ओळखपाळख गंधावर चालते. दवाखान्यातून परतलेल्या सोबत्यालाही ते कधी परका समजते, ते त्याच्या अंगाला औषधाचा वास येतो म्हणून. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण मिळू लागले. दोघे शांतपणे जेवू लागल्यावर दार बोटभर, मग वीतभर उघडले. फिस्कारणे ऐकू आले की पुन्हा बंद. संयुक्त खात्यावरील वाद मिटवताना बँक आधी व्यवहार थांबवते, साधारण तसेच हे.

बाबूजींनी मध्यंतरी पाण्याचा फवारा मारण्याचे सुचवले होते. सूनबाईंनी ते नम्रपणे टाळले. शिक्षा झाली की मांजर ती समोरच्या मांजराशी जोडते आणि वैर वाढते.

महिन्याचे दोन महिने झाले. आज मनी कपाटावर आणि सोन्या खिडकीत झोपतो. एकच गादी पुन्हा झाली नाही. बोळातून जाताना दोघे मान वळवून निघून जातात. गाठोडे कोरडे आहे.

प्रत्येक घरी इतके जमेलच असे नाही. काही जोड्या कायम अबोल्यातच राहतात. मग एकासाठी पारखून दुसरे घर शोधणे हाच मार्ग. पाळलेला प्राणी भुकेने-तहानेने तळमळेल अशा ठिकाणी विनाकारण सोडून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. घरच्या ताटलीवर वाढलेल्या मांजराला यार्डातील उंदरांच्या भरवशावर सोडणे हे त्याहून वेगळे नव्हे.