मुक्तांबाचं छत्र

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला लागलं, की वीसेक किलोमीटरवर ओरत्तनाडू येतं. तिथली एक वास्तू पहिल्यांदा पाहताना वाटतं, ही निघालीय कुठेतरी. जोत्याच्या दगडात चाकं कोरलेली, त्यांच्या जोडीला घोडे आणि हत्ती, जणू सगळी इमारत ओढून नेणारे. देवाचा रथ असा असतो. ही मात्र वाटसरूंची उतरायची जागा, मुक्तांबाळ छत्रम्. पायी शिणून आलेल्या अनोळखी माणसाला देवासारख्या मानाने रथात बसवावं, हे ज्याला सुचलं, त्याच्याबद्दल मला आजही माया वाटते.

छत्रम् म्हणजे आपल्या अन्नछत्राचंच भावंड. मूळ शब्द सत्र. डोक्यावरच्या छत्राशी त्याचं नातं नाही. पण बोलणाऱ्यांच्या तोंडी सत्राचं छत्र झालं आणि जेवणाबरोबर सावलीही त्या शब्दात येऊन बसली.

बांधणारे तंजावरचे सरफोजीराजे दुसरे. काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराकडे निघालेले यात्रेकरू त्यांच्या मुलखातून जात. त्यांच्यासाठी तंजावरच्या भोसल्यांनी वाटेवर ठिकठिकाणी छत्रं बांधली होती. १७९९च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला. १८०१ साली राजांनी कंपनीच्या रेसिडेंटला एक पत्र लिहिलं, ते या छत्रांसाठी. त्या पत्रातले तपशील वाचताना मी दर वेळी थांबतो. ब्राह्मणापासून परैयापर्यंत, जोगी, जंगम, अतीत, बैरागी, येईल त्याला भात. शिजवलेला चालत नसेल, त्याला कोरडा शिधा. तान्ह्या मुलांना दूध. आजाऱ्याला औषध आणि पथ्याचं जेवण. पावसाने अडकलेला माणूस राहील तितके दिवस त्याचं पान मांडलेलं. बाळंतिणीची काळजी. वाटेत आईबाप गेलेल्या पोरांना शिकवायला पंतोजी. मध्यरात्रीपर्यंत पंगती चालत. मग घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिलंय का, म्हणून पुन्हा बोलावत.

राज्य गेलेला माणूस इतका जीव तोडून लिहितो, ते चुली विझू नयेत म्हणून.

आणि दुसऱ्याच वर्षी, १८०२ साली, हे नवं छत्र उभं राहिलं. मुक्तांबा ही राजांची जिवलग सहचरी. तिच्या आठवणीसाठी नुसत्या समाधीवर त्यांचं भागलं नाही. ज्या छत्राला तिचं नाव दिलं, तिथे रोज कोणीतरी जेवून उठेल अशी सोय केली.

आत गेलं, की चौकाभोवतीची ओसरी आणि कोरीव लाकडी खांब दिसतात. मराठी माणसाला तिथे वाट विचारावी लागत नाही. चौकात ऊन, ओसरीला सावली, पाठ टेकायला खांब: पाय आपोआप तिकडे वळतात. भोवती सगळी बोली तमिळ, आणि घराची चाल मात्र आपल्या ओळखीची. अशा वास्तूचं मोल दगड-लाकडाच्या कारागिरीत आहेच, पण मला ते ओसरीच्या रुंदीत अधिक दिसतं. गाठोडं उशाला घेऊन माणूस आडवा झाला, तरी दुसऱ्याला त्याच्या पायाशी चालायला जागा उरते. कुणीतरी झोपलेल्या माणसाचा विचार करून ते माप धरलेलं असावं, असं मला वाटतं.

जायच्या आधी मी खांबाला टेकून बसलो. दुपारची वेळ, चौकात कावळे. ती घंटा नेमकी कुठे टांगलेली असेल, म्हणून माझी नजर आढ्याकडे जात राहिली.