कोपरा घडतो पृष्ठभागावर

लाकडात अक्षरं कोरण्यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच पाटी घोळत होती. एक गृहस्थ ती घेऊन आले होते. सागवानी, दुसरीकडे सीएनसी राउटरवर कोरलेली, कोपरे रेखीव. अक्षरं फक्त अर्धा मिलिमीटर आणखी खोल हवी होती. मी नकार दिला. मशिन असून एवढंही होत नाही, म्हणत ते नाराज होऊन गेले. नकाराचं कारण सांगायला हवं.

सरळ बिट गोल फिरतं, म्हणून आतल्या कोपऱ्यात त्याच्या निम्म्या व्यासाची गोलाई उरतेच. 6 मिमीच्या बिटने 3 मिमी. ती पटाशीने हाताने काढणारे सुतार मी पाहिले आहेत, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. व्ही-बिटची रीत निराळी. ते रेघेच्या मध्यावरून चालतं. रेघ रुंद तिथे खोल जातं, निमुळती तिथे वर येतं आणि कोपऱ्यावर त्याचं टोक लाकडाच्या पृष्ठभागाला नुसतं टेकतं. तिथे खोली शून्य. बोरूच्या रेघेचा तिरका छाटलेला शेवट असा उमटतो.

90 अंशांच्या बिटने 12 मिमी रुंदीची रेघ 6 मिमी खोल होते. झेड झिरो, म्हणजे मशिनला सांगितलेली पृष्ठभागाची उंची, अर्धा मिमी खाली धरली गेली किंवा फळी तेवढी फुगलेली असली, तर टोक कोपऱ्यावर लाकडात रुततं. रेघ 1 मिमी रुंदावते आणि तिच्या टोकांच्या कोपऱ्यांना अर्ध्या मिमीची गोलाई येते. उलट फळी तेवढीच दबलेली असेल तर अक्षर बारीक होतं, पण ते कोपरे तीक्ष्णच राहतात. (लाकडाचा कोपरा अक्षरात शिरतो तिथे उलट घडतं, ती गोलाई मात्र डोळ्याला खुपत नाही.) त्या गृहस्थांची मागणी पुरी केली असती तर त्यांच्या पाटीचे सगळे रेखीव शेवट गेले असते.

तरीही आमच्या धंद्यात दोष बिटलाच दिला जातो. बोथट झालंय, 60 अंशांचं लावा! त्याने ती गोलाई 0.3 मिमीपर्यंत उतरते, हे खरं. पण तीच रेघ मग 10.4 मिमी खोल जाते, आणि तेवढ्याच रुंदीचा काना शिरोरेषेला मिळतो त्या सांध्यात मधली जागा ऐसपैस झाल्याने 13 मिमी. 12 मिमीची फळी आरपार! हा हिशेब रोमन अक्षरांवरच हात बसलेल्यांच्या ध्यानात येत नाही, याचं मला वाईट वाटतं. त्यांच्या टी-मध्ये असा सांधा एखादाच; आपल्याकडे तो जवळजवळ प्रत्येक अक्षराला आहे.

म्हणून फळी मशिनवर आवळल्यानंतरच तिचं तोंड तिथेच सपाट करून घ्यावं आणि झिरो त्यानंतर लावावा. पावसाळ्यात रुंद फळी एका दिवसात वाकते. काल केलेली सपाटी आज धरू नये. शिवाय देवनागरी फाँटमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. पडद्यावर ते दिसत नाही. बाह्यरेषा आधी वेल्ड केल्या नाहीत, तर सांध्यापाशी न कोरलेला उंबरठा उरतो आणि गिऱ्हाईक त्याला लाकडाची गाठ समजतं.

आणि कृपा करून व्हॉट्सॲपवरचा फोटो पाठवू नका. त्यावरून काढलेल्या बाह्यरेषेत कोपरे आधीच गोल झालेले असतात. मजकूर आणि फाँटचं नाव पाठवा, तेवढं पुरतं.