पायबंद

आमच्या शाळेंत बर्फ म्हटला म्हणजे तो उन्हाळ्यांत फाटकाबाहेर उभ्या राहणाऱ्या गोळेवाल्याच्या गाडीवरचा. अशा शाळेच्या वार्षिकांत बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याच्या फळीविषयीं, म्हणजे स्नोबोर्डाविषयीं, लिहिण्याचें धाडस आम्ही करीत आहों, आणि आमचें वय त्रेपन्न आहे. वाचकांस नवल वाटेल. परंतु संपादकांनीं सुटींतील अनुभव मागितला, आणि गणिताच्या शिक्षकास सुटींत येणारे अनुभव बहुधा उत्तरपत्रिकांचेच असतात. त्यांहून निराळा असा हा एकच आमच्या संग्रहीं आहे.

आमचा मुलगा ह्याच शाळेंत शिकला. आमच्याच वर्गांत बसून त्यानें त्रिकोणमितींत शंभरांपैकीं ४१ गुण मिळविले होते. ही गोष्ट पुढें कामास येणार आहे म्हणून आताच सांगून टाकतों. शाळेनंतर कांहीं वर्षांनीं तो यंत्रविद्या शिकण्यास ऑस्ट्रिया देशांतील इन्सब्रुक शहरीं गेला. दोन वर्षें झाल्यावर एके रात्रीं त्याचा निरोप आला कीं, आपण कॉलेज सोडलें असून जवळच्या फुल्पमेस गांवीं स्नोबोर्डांना बाइंडिंग बसविण्याच्या एका लहानशा कारखान्यांत काम धरलें आहे. बाइंडिंग म्हणजे फळीवर पाय बांधून ठेवण्याचा साज. निरोप वाचून सौ. कांहींच बोलल्या नाहींत. आम्ही मात्र पुष्कळ बोललों, आणि जें बोललों त्यांतील बरेंच त्याला लिहूनही कळविलें. त्यानंतर वर्षभर बापलेकांत "पैसे पोंचले काय?" आणि "नको आहेत" ह्यांपलीकडे पत्रव्यवहार झाला नाहीं.

घोड्यानें उधळूं नये म्हणून त्याच्या मागल्या पायांस जी दोरी बांधतात, तिला आपल्याकडे पायबंद म्हणतात. शिकावयास गेलेला पोरगा लोकांच्या पायांना पट्टे बांधीत बसला आहे, ह्यास वेळींच पायबंद घातला पाहिजे, असें आमच्या मनानें घेतलें, आणि २०२३ सालच्या नाताळच्या सुटींत आम्ही एकटेच निघालों. खिशांत परतीचीं दोन तिकिटें होतीं, एक आमचें व एक त्याचें. दुसऱ्याविषयीं त्याला आम्हीं कळविलें नव्हतें.

इन्सब्रुकहून एक ट्रामगाडी डोंगराच्या कुशींतून वळणें घेत श्टुबाईच्या खोऱ्यांत फुल्पमेसपर्यंत जाते. हें गांव लोहारकामाबद्दल पूर्वींपासून नांवाजलेलें आहे. स्थानकावर मुलगा उभा होता. त्यानें वांकून नमस्कार केला, आणि वांकल्या वांकल्याच आमच्या बुटांकडे पाहून म्हणाला, "बाबा, हे इथें चालायचे नाहींत." वर्षभरांत त्यानें आमच्याशीं बोललेलें पहिलें वाक्य तें हेंच.

पहिले दोन दिवस आम्ही कारखान्यांतील बाकावर बसून राहिलों. आम्ही बोलण्याची संधि पाहत होतों व तो कामांत होता. कामाविषयीं विचारलें तर मात्र तो मोकळेपणानें बोले. म्हणून आम्ही कामाविषयींच विचारूं लागलों. आमच्या समजुतीप्रमाणें ही सर्व पट्ट्यांची व खिळ्यांची बाब. परंतु तिलाही इतिहास आहे. नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतांतील मॉर्गेडाल गांवीं सोन्द्रे नॉर्हाइम (१८२५ ते १८९७) नांवाचा एक गरीब मनुष्य होऊन गेला. त्या काळीं स्कीवर पायाचा चवडा तेवढा अडकविलेला असे व टांच मोकळी राही. उडी घेतली कीं स्की पायांतून निघून जावयाची. ह्या गृहस्थानें वाळुंजाच्या डहाळ्या पिळून त्यांचा वेढा टांचेमागून घेतला, आणि वळणें व उड्या दोन्ही त्याच्या आटोक्यांत आलीं.

स्नोबोर्डाची कथा अगदीं अलीकडची. १९६५ सालीं नाताळच्या दिवशीं अमेरिकेंत, मिशिगन राज्यांतील मस्कीगन येथें, शर्मन पॉपेन ह्यानें आपल्या मुलींच्या खेळासाठीं दोन स्की एकमेकींस जोडून एक फळी केली. तिच्यावर पाय बांधण्याची सोय नव्हती. पुढल्या टोंकास दोरी असे, ती हातांत धरून उभें राहावयाचें. पुढें १९७९ सालीं अशा फळ्यांच्या एका शर्यतींत जेक बर्टन कार्पेंटर नांवाचा तरुण स्वतः केलेली फळी घेऊन आला. तिच्यावर पाय अडकविण्याची सोय होती. नियमांत ती बसेना, तेव्हां त्याच्यापुरता एक निराळा वर्ग काढण्यांत आला, आणि त्या वर्गांत तो पहिला आला. एकट्याच्याच वर्गांत पहिला येणें कठीण नसतें असें आम्ही म्हणालों. मुलगा म्हणाला, "वर्ग काढणारे लोक भेटले, हें त्याचें नशीब." आम्ही पुढें कांहीं विचारलें नाहीं. हाच खेळ १९९८ सालीं जपानांत नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकांत घेण्यांत आला.

आतां ह्या बाइंडिंगांची रचना. सामान्य प्रकारांत फळीवर एक बैठक स्क्रूंनीं घट्ट केलेली असते. तिच्यावर मऊ बूट ठेवून एक पट्टा घोट्यावरून व दुसरा चवड्यावरून घ्यावयाचा. पट्ट्यास करवतीसारखे दांते असतात व खटका दाबला कीं ते एकेक दांता पुढें सरकतात. पोटरीमागें एक उंच टेका असतो. तो आम्हांस आरामखुर्चीच्या पाठीसारखा शोभेचा वाटला होता, परंतु त्याचें काम मोठें आहे. फळी टांचेकडच्या धारेवर कलती करावयाची झाल्यास नुसते चवडे उचलून भागत नाहीं. पोटरीनें टेका रेटावा लागतो, तेव्हां फळी उठते. २०१७ सालीं बर्टन कंपनीनें पट्ट्यांवांचून नुसतें पाऊल दाबून बसणारा एक प्रकार बाजारांत आणला. त्यांत बूट टांचेस व चवड्याच्या दोन्ही अंगांस अडकतो. आणि एक प्रकार कठीण बुटांचा. त्यांत मऊपणाचें नांव नाहीं. पुढें मागें पोलादी कड्या, मध्यें दगडासारखा बूट. मुलगा स्वतः तोच वापरतो.

"आणि पडल्यावर हें सुटतें कसें?" आम्हीं विचारलें.

"सुटत नाहीं, बाबा."

स्कीचें बाइंडिंग जोराचा हिसका बसतांच बूट सोडून देतें. नॉर्वेंत जन्मून अमेरिकेंत राहिलेला हाल्मार व्हाम हा पटाईत स्कीपटु १९३७ सालीं पाय मोडून इस्पितळांत पडला असतां त्याला अशा सुटणाऱ्या बंधाची युक्ति सुचली, असें सांगतात. स्नोबोर्डावर तसें करीत नाहींत. एक पाय सुटला व दुसरा अडकलेलाच राहिला, तर सबंध फळी त्या एका पायास पिळून काढील. दोन्ही बांधलेले राहिले म्हणजे गुडघे बरेचसे वांचतात. "मनगट मात्र जातें," असें तो म्हणाला. ह्याचा प्रत्यय आम्ही दुसऱ्याच दिवशीं घेतला.

कारण तिसऱ्या दिवशीं त्याला न सांगतां आम्ही बसनें खोऱ्याच्या माथ्यावरील हिमनदीकडे गेलों. तेथील उतार तीन हजार मीटरांहूनही उंच चढलेले आहेत. मुलाकडून शिकावें हें बरें वाटेना, म्हणून भाड्यानें साहित्य देणाऱ्या एका दुकानांतून फळी घेतली. तेथील इसमानें बुटाचें माप तेवढें विचारलें, आणि दुसऱ्या कोणासाठीं बसविलेलीं बाइंडिंगें जशींच्या तशीं आमच्या हवालीं केलीं. दोन तासांत आम्ही किती वेळ पडलों तें मोजलें नाहीं. गणिताचा शिक्षक मोजावयाचें सोडतो ह्यावरून वाचकांनीं काय तें ओळखावें. शेवटच्या पडण्यांत हात टेंकला व मनगट मुरगळलें.

संध्याकाळीं मुलानें मनगट पाहिलें, त्यावर पट्टी बांधली, आणि एक शब्दही बोलला नाहीं. त्याच्या जागीं आम्ही असतों तर अर्धा तास बोललों असतों.

दोन दिवसांनीं सूज उतरल्यावर त्यानें आम्हांस कारखान्यामागच्या अंगणांत उभें केलें व डोळे मिटण्यास सांगितलें. आम्हीं मिटले. तोंच त्यानें पाठीमागून हलकाच धक्का दिला! सांवरण्यासाठीं आमचा उजवा पाय पुढें पडला. "हेंच पाहायचें होतें," तो म्हणाला. बहुतेक लोक फळीवर डावा पाय पुढें ठेवतात. ज्यांचा उजवा पुढें त्यांस ह्या खेळाच्या भाषेंत 'गूफी' म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ बावळट असा आहे. तीस वर्षांच्या अध्यापनानंतर ही पदवी मिळाली. दुकानांतील फळी डाव्यांसाठीं बसविलेली होती.

मग तो आमच्या पायांशीं पेचकस घेऊन बसला. बैठकीच्या मध्यभागीं एक वाटोळी चकती असते व तिच्या कडेस अंशांच्या खुणा असतात. पुढला पाय त्यानें १५ अंश पुढें वळविला, मागला ६ अंश मागें. "गुडघे वांकवा. आतां दुखतें? आतां?" असें विचारीत एकेक खूण तो फिरवी. आमच्या पायांकडे इतकें लक्ष आजवर कोणी दिलें नव्हतें. त्याला पहिल्यांदा शाळेंत पाठविला त्या दिवशीं त्याच्या बुटांच्या नाड्या आम्हीं बांधल्या होत्या काय, हें आम्ही आठवूं लागलों, व आठवेना. बहुधा सौभाग्यवतींनीं बांधल्या असाव्या.

वळण्याच्या दोन रीति आहेत. पहिली खरडण्याची: फळी आडवी करून बर्फ खरवडीत जावयाचें, मागें पंख्यासारखा रुंद पट्टा उमटतो व वेग मरतो. दुसरी कोरण्याची. स्नोबोर्डाची कंबर टोंकांपेक्षां अरुंद असते. म्हणजे तिची कड हा एका मोठ्या वर्तुळाचा तुकडाच होय. फळी धारेवर कलती केली व तिच्यावर भार दिला कीं ती मध्यें वांकते, आणि आपल्याच कडेच्या मार्गानें, बाजूस न घसरतां, वळत जाते. मागें पेन्सिलीनें काढावी तशी एक बारीक रेघ राहते. हिशेब सोपा आहे: कडेच्या वर्तुळाची त्रिज्या घ्यावी व तिला कलण्याच्या कोनाच्या कोसाइननें गुणावें. त्रिज्या १० मीटर व कल ६० अंश असल्यास वळणाची त्रिज्या सुमारें ५ मीटर येते. दहावीच्या मुलांनीं पडताळून पाहावें. आम्ही कागदावर हें मांडून मुलाकडे सरकविलें. त्यानें तें पाहिलें आणि विचारलें, "आणि वेग?"

वेग आम्ही विसरलों होतों. इतक्या कलावर, इतक्या वळणांत, मनुष्य तोलून राहावयाचा तर ढोबळ हिशेबानें ताशीं सुमारें ३३ किलोमीटर वेग पाहिजे. सायकलस्वार वळणावर कलतो तसेंच हें. आमचा वेग त्याच्या निम्माही नव्हता, म्हणून आम्ही कलत होतों आणि आंत कोसळत होतों. ४१ गुणांचा विद्यार्थी हें पायांनीं जाणत होता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं, यंत्रानें दाबून नुकत्याच सपाट केलेल्या उतारावर, आम्हीं त्याला पाहिलें. कठीण बूट, अरुंद फळी, पुढला पाय ६० अंशांवर व मागला ५५ वर. पाय आडवे ठेवले तर अशा अरुंद फळीच्या बाहेर बूट येतो, बर्फाला घांसतो आणि धार उचलली जाते. तो खालीं आला तो जमिनीशीं इतका लवून कीं, क्षणभर आम्हांस तो पडला असेंच वाटलें व आम्ही उभे राहिलों. तो पडला नव्हता. एका अंगावरून दुसऱ्या अंगावर गेला, पुन्हा लवला, पुन्हा उठला. आवाज फारसा नव्हता; कापड कात्रीनें सरळ कापतांना येतो तेवढा. पाळण्यांतून वर जातांना त्याच्या रेघा आम्हीं खालीं पाहिल्या. एका कारागिराचें काम पाहावें तशा त्या पाहिल्या, हें येथें कबूल करितों.

आम्हांस शिकवितांना तो एकच वाक्य पुनः पुनः बोले: "हात बर्फाकडे नेऊं नका." नवशिका मनुष्य कलतांना हात टेंकावयास जातो, त्यामुळें कमरेंत वांकतो, धारेवरचा भार निघून जातो व फळी निसटते. बर्फ हातापाशीं यावयाचा तो आपण होऊन येतो. आमचे बाकीचे दिवस पायांच्या पुढें पाहणें, मान वळवून वळणाच्या शेवटाकडे पाहणें, व पडणें, ह्यांत गेले. निघण्याच्या आदल्या दिवशीं दुपारीं मात्र चवड्यांच्या धारेवर एक वळण, एकच, कांहींही न खरडतां पुरें झालें. आम्ही थांबलों. मुलगा खालून चालत वर आला आणि ती रेघ बोट दाखवीत मोजूं लागला. आठ नऊ पावलें भरली. त्यानें तिचें चित्र घेतलें.

त्या रात्रीं त्यानें आपण होऊन सांगितलें कीं, मालक त्याला कायम कारागीर म्हणून घेण्यास कबूल झाला आहे, आणि वसंतांत एका बंधाची नवी बैठक आपल्या आराखड्याप्रमाणें ओतून पाहणार आहे. आराखडा त्यानें मांडला. त्यांत एक कोन चुकला होता. आम्हीं तो दाखविला, व पुढें बाराच्या ठोक्यापर्यंत आम्ही दोघेही त्या कागदावर ओणवे होतों. बोलावयाचें म्हणून जें घरून ठरवून आलों होतों, तें तसेंच राहिलें.

दुसरें तिकीट आम्हीं सकाळीं रद्द केलें. फारच थोडे पैसे परत आले.

घरीं आल्यावर सौभाग्यवतींस प्रथम तें चित्र दाखविलें. त्यांनीं चष्मा लावून बराच वेळ पाहिलें व "ही रेघ कसली?" असें विचारलें. आम्हीं कल, त्रिज्या, वेग, पायबंद सर्व समजावून दिलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें, आणि मग म्हणाल्या, "तें असूं द्या. दुपारचा तो जेवतो काय?"

हें मात्र आम्ही विचारून आलों नव्हतों.