हवेतील पेटी

हात न लावता वाद्य वाजावे, ही कल्पना आजची नव्हे. लेव्ह तेरमेन या रशियन शास्त्रज्ञाने १९२० च्या सुमारास असे वाद्य घडविले. त्यास थेरेमिन म्हणतात. उजवा हात उभ्या दांडीजवळ नेला की स्वर चढतो. डावा हात आडव्या वेटोळ्यापासून दूर नेला की आवाज वाढतो. हाताच्या दुखण्यामुळे व्हायोलिन सोडावे लागलेल्या क्लारा रॉकमोर या कलावतीने पुढे याच वाद्यावर कीर्ती मिळविली.

ही हकिगत वाचताना आम्ही अस्वस्थ झालो. आमच्या धर्मग्रामातील वृद्ध मास्तरांचे हात कापू लागले, पेटीवर बोटे चुकू लागली, तेव्हा ‘मास्तर, आता विश्रांती घ्या,’ असे आम्हीच त्यांना सांगितले होते. त्यांनी मुकाट्याने पेटीचे झाकण लावले. पुढे ते मिस्सेला मागच्या बाकावर बसू लागले. गात मात्र नसत.

अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका तरुणापाशी आम्ही हा विषय काढला. त्याने लीप मोशन नावाचे बोटभर लांबीचे उपकरण आणले. त्यातील दिवे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडतात, दोन कॅमेरे हातांची चित्रे टिपतात आणि त्यांवरून संगणक हात कोठे आहे हे क्षणोक्षणी ठरवितो. उजव्या हाताच्या उंचीवर स्वर आणि डाव्याच्या उंचीवर आवाजाचा जोर, अशी त्याने योजना केली. वाद्य म्हणून दाखवावे असे काहीच नाही. नाद तेवढा संगणक निर्माण करतो.

पहिल्याच दिवशी अडचण आली. हात थरथरला की स्वरही थरथरे. म्हणून तरुणाने लागोपाठच्या अनेक मोजमापांची सरासरी घेतली. स्वर स्थिरावला, पण हाताच्या मागे पडू लागला. मास्तर म्हणाले, “बाळा, हे तर माझ्यामागून दुसरेच कोणी गाते आहे!” तेव्हा त्याने सरासरी कमी केली आणि हवेचे थर कल्पून प्रत्येक थराला एक स्वर नेमला. हात थराची सीमा बराच ओलांडून गेल्याशिवाय स्वर बदलू नये, असेही ठरविले. थरथर राहिली, परंतु स्वर ढळेनासा झाला.

एका शनिवारी गायकवृंदाच्या सरावात मास्तरांनी एका जुन्या गीताची चाल वाजविली. मुले गाणे विसरून ऐकत राहिली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले; इतर वाद्ये अधिकाऱ्यांच्या संमतीने व पवित्र कार्यास शोभतील तरच वापरावीत, असे ठरविले. त्यामुळे हे वाद्य आम्ही मिस्सेत आणलेले नाही. सराव मात्र आता मास्तरच घेतात.

त्या सायंकाळी आम्ही त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, “फादर, बोटे चालत नव्हती, हे खरेच होते. पण सूर आहे का, हे कोणी विचारलेच नाही.”

प्रभूच्या सेवेतून कोणाला निवृत्त करण्यापूर्वी हा प्रश्न आम्ही विचारावयास हवा होता.