अहमदाबादचे उत्तरायण

१४ जानेवारीच्या प्रभाती अहमदाबाद शहर रस्ते सोडून गच्च्यांवर राहावयास जाते. खाडिया, रायपूर या जुन्या भागांतील पोळांमध्ये घराला घर इतके बिलगलेले, की शेजाऱ्याकडे जाण्यास जिना उतरण्याचे कारणच पडत नाही. साबरमतीच्या पश्चिमेस राहावयास गेलेली कुटुंबे या दिवशी जुन्या घराचे कुलूप काढतात. ज्यांनी घरे विकली, त्यांतील काहीजण दिवसापुरती गच्ची भाड्याने घेतात. व्यापारी शहरच ते!

वर्षभर पेढीवर बसणारे काका पतंग बदवतात, पुतणी फिरकी सांभाळते. समोरचा पतंग कापला की ‘कायपो छे’ची आरोळी साऱ्या पोळीत घुमते. दुपारी उंधियू-जिलेबी. श्रावकांच्या उंधियूत कंदमुळे नसतात, कच्ची केळी असतात. चव तसूभरही उणी होत नाही. पतंगांचा मोठा भाग जमालपुरातील मुस्लिम कारागिरांच्या घरी घडतो. त्यांचे हे काम कित्येक महिने आधी सुरू झालेले असते.

याच पोळांच्या चौकांत नक्षीदार चबुतरे उभे आहेत. पाखरांना दाणापाणी मिळावे म्हणून पूर्वजांनी ते बांधले. आणि याच पोळांवरून काचेची भुकटी चढवलेला दोरा आकाशात जातो! कबुतरे, घारी, बगळे यांचे पंख त्याने चिरले जातात. नायलॉनच्या मांज्यावर २०१७ मध्ये देशभर बंदी आली. पण सुती दोराही काच लागल्यावर सौम्य राहत नाही. त्याच वर्षापासून गुजरातेत जानेवारीत ‘करुणा अभियान’ चालते. ठिकठिकाणी उपचारकेंद्रे उघडतात, पशुवैद्य टाके घालतात आणि तरुण स्वयंसेवक जखमी पाखरे खोक्यांतून घेऊन येतात. त्यांत व्यापारी घरांतील मुलेमुली पुष्कळ. एकाच घरातील एक भाऊ गच्चीवर आणि दुसरा केंद्रावर, असेही दृश्य दिसते.

सकाळी नऊपूर्वी आणि सायंकाळी पाचनंतर पतंग उडवू नयेत, असे आवाहन दरवर्षी होते, कारण ती पाखरांची जाण्यायेण्याची वेळ. ते पाळणे सोपे नाही. पाचच्या सुमारासच तर वारा आणि घरचे सगळे जमलेले असतात. तरीही काही गच्च्यांवर त्या वेळी फिरक्या गुंडाळल्या जातात आणि चिक्कीचे ताट फिरू लागते.

१५ तारखेचे वासी उत्तरायण सरले तरी झाडांना, तारांना दोरा लोंबतच राहतो आणि पुढेही पाखरे त्यात अडकतात. म्हणून काही मंडळी लांब काठ्या घेऊन तो उतरवत हिंडतात आणि त्याची भेंडोळी पोत्यांत भरतात.