काकू, तळणीचं तेल आहे का?

रविवारी सकाळी बेल वाजवून हा प्रश्न विचारा आणि समोरचा चेहरा बघा! रद्दी ठीक, जुने कपडे ठीक. पण तेल? पुण्यातल्या आमच्या सोसायटीत आम्ही पाच जण गेलं वर्षभर हा उद्योग करतोय. दोन आयटीवाले, एक सीए, बँकेत चिकटलेली मी आणि नोकरीच्या शोधात असलेला एक. बाकीचं जग वीकएण्डला मल्टिप्लेक्सला जातं, आम्ही कॅन घेऊन जिने चढतो.

फंडा एकदम सोपा. तळण झालं की तेल गार करायचं, गाळायचं, बाटलीत भरायचं. पार्किंगमधला कॅन भरला की तेल गोळा करणारे येऊन पैसे देऊन घेऊन जातात. पुढे कारखान्यात मिथेनॉलशी प्रक्रिया होऊन त्याचं बायोडिझेल बनतं, ग्लिसरीन वेगळं निघतं. नवल वाटायला नको. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं!

तेल सिंकमध्ये ओतलं की गटारं तुंबतात, हे तर आहेच. २०१७ मध्ये लंडनच्या गटारात चरबी आणि कचरा साचून तब्बल १३० टनांचा गोळा सापडला होता. पण आमच्या काकूंना हे सांगून उपयोग नाही. 'अगं, तेल ओततंय कोण?' खरंच आहे. मराठी घरात चकल्यांचं तेल भज्यांना, भज्यांचं पुऱ्यांना आणि उरलंसुरलं फोडणीला. टाकायला जीवच होत नाही.

खरी ग्यानबाची मेख इथेच आहे. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात पोलर कम्पाऊंड्स वाढत जातात. रक्तदाब, हृदयविकार अशा दुखण्यांशी त्यांचा संबंध जोडला जातो. म्हणून देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली. त्याच ऑगस्टमध्ये वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करण्यासाठी 'रुको' योजना आणली. दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल तळणीला वापरणाऱ्या व्यावसायिकांना त्याच्या नोंदी ठेवाव्या लागतात. घरच्या कढईला मात्र रजिस्टर नाही. तिथे आईचं राज्य! त्यामुळे आम्ही 'टाका' म्हणतच नाही. 'वापरायचंच आहे काकू, फक्त कढईऐवजी इंजिनात,' असं म्हणतो. हे पटतं. शिवाय छोट्या कढईत, कमी तेलात तळा, म्हणजे उरेलच कमी.

तरी एक उत्तर आम्हाला अडवायचं. 'आम्ही बाईंना देऊन टाकतो.' यावर बोलणार काय? देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी एका काकूंनी हेच सांगितलं. आत भांडी घासणाऱ्या मावशी हात पुसत बाहेर आल्या. 'ताई, तुमच्या कॅनातच ओता ते. काळं तेल यांना बाधतं, मग आमच्या पोरांना पचतं होय?'

दोन मिनिटं कुणीच बोललं नाही. मग काकूंनी स्वतः आतून डबा आणला.

त्या दिवसापासून आमच्या नोटिशीत आरोग्य, पर्यावरण, डिझेल यांच्याही वर एक ओळ असते : 'जे आपण खाणार नाही, ते कुणाला खायला देऊ नका.'

आता वाद आहे तो तेलाच्या पैशांचा. कमिटीला ते सोसायटीच्या फंडात हवेत. आमचं म्हणणं, त्यातून दिवाळीला सगळ्या मावशींना आणि वॉचमनकाकांना ताज्या तेलाच्या पिशव्या द्याव्यात. रक्कम फार नाही, पण मुद्दा मोठा आहे. पुढच्या मीटिंगमध्ये मतदान आहे आणि काकू मंडळी आमच्या बाजूने आहेत!

आणि हो, तुमच्या घरी गॅसशेजारी झाकण लावून ठेवलेला तो स्टीलचा डबा... आज जरा उघडून बघा बरं.