परतीची उंची

गेल्या दिवाळीत धाकट्या भावाचा मुलगा गावी आला तो हौसेचा लहान ड्रोन घेऊनच. आमचे गाव लाखनी तालुक्यातले. मालगुजारी तलाव, त्याची उंच पाळ, पाळीवर मोहाची जुनी झाडे आणि खाली धानाच्या बांध्या. पाळीखालच्या खळ्यात उभे राहून आम्ही तो उडवायचे ठरविले.

पुतण्याने विचारले, "मोठेबाबा, परतीची उंची किती ठेवू?"

तीस वर्षे शेतकऱ्यांना सल्ला देत आलेला मी कृषी पदवीधर. मान वर न करताच म्हणालो, "ठेव वीस मीटर. पुष्कळ झाली."

ड्रोन पाळ ओलांडून तलावावर गेला. झाडांआड होताच रिमोटशी त्याचा संपर्क तुटला. अशा वेळी तो ठरविलेल्या उंचीवर चढतो आणि जिथून उडाला तिकडे सरळ रेषेत परत येतो. तसाच तो आला आणि मोहाच्या शेंड्यात अडकला. तोवर शेजारचा बारा वर्षांचा पोरगा झाडावर चढलाही! त्या फांद्यांलगत मोटारपंपाची वीजतार गेलेली. माझ्या तोंडचे पाणी पळाले. ओरडून त्याला खाली उतरविले. मग लाइनमनला बोलावून वीज बंद करविली, तेव्हा ड्रोन निघाला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

चूक कुठे झाली? झाड होते अठरा मीटरचे. पण ड्रोन उंची मोजतो ती उड्डाणाच्या जागेपासून. पाळ खळ्यापेक्षा पाच मीटर उंच, म्हणजे शेंडा तेवीस मीटरवर. मी पाळ हिशेबातच धरली नाही.

तेव्हा वाचकहो, आधी जायच्या-यायच्या वाटेवरची सर्वांत उंच वस्तू शोधा. झाड, टॉवर, विजेचा खांब. सावलीवरून तिची उंची काढता येते. एक मीटरची काठी सपाट जागी उभी करा. काठीच्या सावलीच्या जितके पट झाडाची सावली, तितके मीटर झाड. त्यात जमिनीचा चढ मिळवा आणि वर पंधरा मीटर मोकळे सोडा. आमचा हिशेब तेवीस अधिक पंधरा, म्हणजे चाळीसच्या घरात जायला हवा होता.

मात्र भीतीपोटी शंभर मीटरही ठेवू नये. वर वारा जोराचा असतो आणि चढण्या-उतरण्यात बॅटरी संपते. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या क्षेत्रातही विनापरवानगी १२० मीटरच्या, म्हणजे ४०० फुटांच्या, वर जाता येत नाही. उड्डाण मोकळ्या जागेवरूनच करा आणि परतीची जागा नोंदली गेल्याची खूण दिसेपर्यंत थांबा. बारीक तार ड्रोनला दिसेलच असे नाही. तो अडकलाच तर लेकरांना दूर ठेवा; वस्तू पुन्हा घेता येते.

२०२३ मध्ये मंजूर झालेल्या नमो ड्रोन दीदी योजनेतून बचत गटांच्या भगिनींकडे फवारणीचे ड्रोन येऊ लागले आहेत. भरल्या टाकीचा तो ड्रोन तर खेळण्याहून कितीतरी जड. त्यांनीही नव्या शेतात गेल्यावर ही उंची नव्याने ठरवावी.

बांधावर जाऊन पाहिल्याशिवाय सल्ला देऊ नये, असे मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगत असे. त्या दिवशी ते मीच विसरलो. आता पुतण्याने उंची विचारली की मी आधी चप्पल घालतो आणि पाळीवर जाऊन येतो.